कुकरमधला तिसरा डबा : बाळाच्या वरच्या अन्नासोबत येणारे प्लॅस्टिक एका घराने कसे कमी केले

हे प्रकरण पुण्यातल्या एका चौघांच्या कुटुंबाचे आहे. आई आणि वडील दोघेही नोकरी करतात, वडिलांची आई सोबत राहते, आणि पहिलीच मुलगी त्या वेळी साडेसात महिन्यांची होती. बाळांच्या आहाराविषयी सल्ला देण्याचे काम मी करते, त्यामुळे मुलगी नीट खात नाही ही तक्रार घेऊन आई माझ्याकडे आली यात वेगळे काही नव्हते. मात्र बोलण्याच्या ओघात तिने जे दुसरे गाऱ्हाणे मांडले त्यामुळे हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावे असे मला वाटले. मुलीला वरचे अन्न सुरू झाल्यापासून घरातली सुक्या कचऱ्याची बादली भराभर भरू लागली होती, आणि रोज दारावर कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंनी एके दिवशी त्यातले एक चकचकीत पाकीट वर काढून म्हटले होते, "वहिनी, हे असलं कुणी विकत घेत नाही हो. आम्ही नुसतं ओझं वाहतो." हे वाक्य आईच्या मनाला लागले होते. कुटुंबाच्या संमतीने आणि त्यांची ओळख पटणार नाही अशा बेताने पुढचा तपशील दिला आहे.

कचऱ्याची पाहणी

उपाय सुचवण्यापूर्वी कचरा नेमका कशाचा आहे हे पाहणे आवश्यक होते, म्हणून बाळाच्या खाण्याशी संबंधित सगळा सुका कचरा आठवडाभर वेगळ्या पिशवीत साठवावा असे ठरले. डायपर यात धरले नाहीत. ते पुण्यातल्या पद्धतीप्रमाणे कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका करून स्वतंत्रपणे दिले जात होते आणि तो प्रश्न निराळा आहे. आठवड्याअखेरीस ती पिशवी गॅलरीत वर्तमानपत्रावर रिकामी केली तेव्हा सर्वांत ठळक दिसले ते फळांच्या गराचे तोटी असलेले पाऊच. त्यानंतर तयार तृणधान्याच्या पिठाच्या खोक्यातल्या रुपेरी पिशव्या, तोंडात विरघळणाऱ्या खाऊची पाकिटे आणि त्यांच्या आतले प्लॅस्टिकचे ट्रे, आणि तोंड-हात पुसण्याच्या ओल्या रुमालांचा मोठा ढीग. हे रुमाल कापसाचे आहेत असा घरातल्या सर्वांचा समज होता. प्रत्यक्षात बाजारातल्या बहुतेक ओल्या रुमालांत पॉलिएस्टरचे धागे मिसळलेले असतात, त्यामुळे तेही प्लॅस्टिकच, फक्त प्लॅस्टिकसारखे न दिसणारे.

त्यातला एक पाऊच आम्ही कात्रीने उभा कापला. आतली बाजू आरशासारखी चकाकत होती, तळाच्या दोन्ही कोपऱ्यांत गाजर-सफरचंदाचा गर चिकटून राहिला होता आणि त्याला आंबूस वास येत होता. कापल्याशिवाय तो धुता येणे शक्यच नव्हते. वरची तोटी आणि फिरकीचे झाकण जाड, कडक प्लॅस्टिकचे. पिशवीचा पापुद्रा मात्र प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम यांचे पातळ थर एकमेकांना चिकटवून केलेला. हवा, प्रकाश आणि ओलावा आत जाऊ नये म्हणून हे थर लागतात, आणि नेमक्या त्याच कारणामुळे ही वस्तू पुनर्वापराच्या कामाची राहत नाही, कारण थर वेगळे करण्याचा खर्च त्यातून मिळणाऱ्या मालाच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त येतो. अशा बहुस्तरीय प्लॅस्टिकचा शेवट फार तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून होतो, नाहीतर कचरा डेपोवर.

पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे, ती म्हणजे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत; तिच्यातून उभी राहिलेली 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते. या कामात प्रत्येक घरामागे मिळणारे मासिक शुल्क आणि सुक्या कचऱ्यातून निवडलेल्या भंगाराची विक्री अशी दुहेरी मिळकत असते. दुधाची रिकामी पिशवी, पुठ्ठा, पत्र्याचा डबा, बाटली यांना भाव असतो. पाऊचला नसतो. याचा सरळ अर्थ असा की पाऊच बनवणाऱ्याने आणि विकत घेणाऱ्याने ज्या वस्तूचा भार झटकला, तो भार सर्वांत कमी कमावणाऱ्या बाईच्या पाठीवर जातो. ताईंचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

कायद्याच्या बाजूनेही हे पाऊच मोकळेच राहिले आहेत. १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या बंदीत एकदा वापरायचे प्लॅस्टिकचे चमचे, ताटल्या, पेले, नळ्या अशा वस्तू येतात. महाराष्ट्राने तर मार्च २०१८ मध्येच आपली वेगळी अधिसूचना काढली होती. पण अन्नाचे बहुस्तरीय वेष्टन या बंदीत नाही; त्याची जबाबदारी उत्पादकाच्या विस्तारित दायित्वाखाली टाकलेली आहे, म्हणजे उत्पादकाने बाजारात आणलेल्या प्लॅस्टिकच्या प्रमाणात विल्हेवाटीचा हिशेब द्यायचा. हा हिशेब कागदावर जुळला तरी या घराच्या बादलीत त्यामुळे काही फरक पडत नव्हता.

हे सगळे घरात आले कसे

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण प्लॅस्टिक कमी करण्याविषयीचा बराचसा उपदेश आईच्या सवयींना दोष देतो आणि तिच्या घड्याळाकडे पाहत नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते, आणि त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. दुसरीकडे, बाळाला सहा महिने पूर्ण होईपर्यंत केवळ आईचे दूध आणि त्यानंतर दुधासोबत पूरक आहार, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या की लक्षात येते की ज्या आठवड्यात बाळाला पहिला घास भरवायचा, त्याच सुमारास किंवा त्याच्याही आधी आईला कामावर हजर व्हावे लागते. या आईने प्रसूतीपूर्वी तीन आठवडे रजा घेतली होती, त्यामुळे मुलगी सहा महिन्यांची होण्याआधीच ती कामावर परतली. ज्या काळात बाळ नवी चव, नवा पोत शिकत असते आणि प्रत्येक घासाला वेळ लागतो, त्या काळात घरात वेळच नव्हता. पाऊच आला तो या मोकळ्या जागेत.

दुसरे कारण आणखी खोलवरचे होते. बाळाचे अन्न म्हणजे घरच्या स्वयंपाकाहून वेगळे काहीतरी, मोजूनमापून तयार केलेले आणि म्हणून अधिक सुरक्षित, अशी आईची समजूत झाली होती. दोन वर्षांखालील मुलांच्या तयार अन्नाची जाहिरात करण्यावर आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने, आणि २००३ मध्ये त्यात झालेल्या दुरुस्तीने, बंदी आहे. तरीही ही समजूत दुकानाच्या फडताळावरून, मैत्रिणींच्या सल्ल्यांवरून आणि मोबाइलवरून घरात येतेच. आजींना मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या दोन्ही मुलांना मी आमच्यातलंच मऊ करून भरवलं. पण आताचं शास्त्र मला कळत नाही, उगाच सुनेला टोकायला नको म्हणून मी गप्प बसते." सुनेला वाटत होते की सासूबाईंना पाऊच सोयीचे वाटतात. दोघी एकमेकींना जपत होत्या आणि मधल्या मध्ये पाकिटे वाढत होती.

माझे मत तिथेच पक्के झाले. बाळाचा स्वयंपाक वेगळा काढला की वेगळी पाकिटे, वेगळी भांडी, वेगळे रुमाल असे सगळे त्याच्यामागून येते. तो घरच्या स्वयंपाकात परत आणला तर त्यातले बहुतेक आपोआप गळून पडेल, आणि आईचे कामही वाढणार नाही. काम वाढवणारा कोणताही उपाय या घरात पंधरा दिवसही टिकला नसता.

कुकरमध्ये काय बदलले

मराठी घरात वरण-भाताचा कुकर ज्या पद्धतीने लावला जातो, ती पद्धत बाळाच्या दृष्टीने आधीच सोयीची आहे. डाळ आणि तांदूळ वेगवेगळ्या डब्यांत, मीठ न घालता शिजतात. मीठ, हिंग, फोडणी, तिखट हे सगळे नंतर. वर्षाच्या आतल्या बाळाला मीठ आणि साखर घालायची नसते, म्हणजे कुकर उघडल्यापासून फोडणी पडेपर्यंतच्या दोन-तीन मिनिटांत बाळाचा वाटा बाजूला काढला की काम झाले. इथे आम्ही फक्त एक भर घातली: दोन डब्यांवर तिसरा छोटा स्टीलचा डबा, आणि त्यात रोज बदलती भाजी. कधी लाल भोपळ्याची फोड, कधी गाजर, कधी रताळे, कधी मटार, कधी पालकाची कोवळी पाने. गॅस तोच, वेळ तीच, धुवायला एक डबा जास्त.

मऊ करण्याचे काम आजींनी आपणहून अंगावर घेतले, आणि त्यांनी ते पुरणयंत्रावर केले. होळीला आणि श्रावणात निघणारे ते जुने जड पुरणयंत्र त्यांनी माळ्यावरून उतरवून घेतले, स्वच्छ घासून उकळत्या पाण्यातून काढले, आणि बारीक भोकांची चकती बसवून त्यातून वरणभात आणि भोपळा एकत्र फिरवला. मिक्सरमधून निघणारी गुळगुळीत लापशी आणि यंत्रातून उतरणारे हे अन्न यांत फरक आहे: यंत्रातून येते ते मऊ असते पण त्याला किंचित कणी राहते, आणि साडेसात-आठ महिन्यांच्या बाळाला जिभेने अन्न इकडेतिकडे फिरवायला शिकण्यासाठी अशीच कणी लागते. पाऊचमधला गर चोखत राहिलेल्या मुलीला ही कणी पहिले काही दिवस अजिबात आवडली नाही. ती जिभेने बाहेर ढकलायची, आणि आईला पुन्हा वाटायचे की हिला भूक नाही. तेच अन्न न कंटाळता पुन्हापुन्हा समोर ठेवायचे, जबरदस्ती करायची नाही, एवढेच मी सांगत राहिले. पुढे तिने चमचा स्वतःच पकडायला सुरुवात केली. नवव्या महिन्यात पुरणयंत्राची चकती मोठ्या भोकांची झाली आणि नंतर यंत्रच बंद होऊन काट्याने किंवा हाताने कुसकरणे पुरेसे झाले.

वाट्यावर साजूक तुपाचा छोटा चमचा घालण्याचा आग्रह मी धरला, कारण बाळाचे पोट दर किलो वजनामागे साधारण ३० मिलिलीटर इतकेच मावून घेते. साडेसात किलोच्या मुलीला एका वेळी सव्वादोनशे मिलिलीटरच्या आसपासच मावणार, आणि ते पाण्यासारख्या पेजेने भरले तर पोट भरूनही पोषण होत नाही.

इथे नाचणी सत्वाचा उल्लेख करायला हवा. या घरात तयार सत्वाची पाकिटे येत होती. नाचणी आठ-दहा तास भिजवून, निथळून, सुती फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, मंद आचेवर भाजायची, दळायची आणि वस्त्रगाळ करायची ही कृती आजींना तोंडपाठ होती. ती केवळ रीत म्हणून चालत आलेली नाही. मोड येताना धान्यात जी पाचक द्रव्ये तयार होतात ती पिठातल्या पिष्टाचे तुकडे करतात, त्यामुळे त्याच पिठाची खीर घट्ट गोळा न होता पातळ राहते, आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ, म्हणजे जास्त ऊर्जा, बसते. शिवाय लोह आणि कॅल्शियम यांना बांधून ठेवणारी फायटेट द्रव्ये मोड आल्याने कमी होतात. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. ते शरीराला मिळण्यासाठी ही खटपट सार्थकी लागते. मात्र पावसाळ्यात मोडाची नाचणी नीट वाळत नाही आणि ओलसर पिठात बुरशी धरण्याचा खरा धोका असतो. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात मोड न आणता नुसती भाजलेली नाचणी थोडी थोडी दळून आणायची, असे ठरले. गिरणीत जाताना स्टीलचा डबाच न्यायचा, एवढी सूचना पुरली.

पाळणाघराचा पेच

घरातले बदल एकदोन आठवड्यांत रुळले. खरी अडचण पाळणाघरात आली. मुलगी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा तिथे असे आणि त्यात तिची दोन खाणी होत. पाळणाघराची रीत अशी की घरून आलेले अन्न फ्रीजमध्ये ठेवायचे, वेळ झाली की प्लॅस्टिकच्या वाटीत काढून मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचे. स्टीलचा डबा मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही आणि काचेची भांडी रांगत्या मुलांमध्ये त्यांना नको होती. त्यांची दोन्ही म्हणणी रास्त होती, म्हणून त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी गरम करण्याची गरजच कशी टाळता येईल यावर आम्ही विचार केला.

प्लॅस्टिकमध्ये अन्न तापवू नये असे म्हणण्यामागे केवळ भीती नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या दुधाच्या बाटल्या तपासल्या तेव्हा दूध तयार करण्याच्या नेहमीच्या रीतीत एक लिटर द्रवात १ कोटी ६० लाखांपर्यंत प्लॅस्टिकचे सूक्ष्मकण आढळले, आणि पाण्याचे तापमान २५ अंशांवरून ९५ अंशांवर नेल्यावर हा आकडा ६ लाखांवरून साडेपाच कोटींवर गेला. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात २०२३ मध्ये बाळांच्या अन्नाचे पॉलिप्रॉपिलीनचे डबे आणि पॉलिथिलीनचा पाऊच मायक्रोवेव्हमध्ये तीन मिनिटे तापवून पाहिले गेले. काही नमुन्यांत दर चौरस सेंटिमीटरमागे ४२ लाखांपर्यंत सूक्ष्मकण आणि २०० कोटींहून अधिक अतिसूक्ष्म कण सुटले. या कणांमुळे बाळाच्या शरीरावर नेमका काय परिणाम होतो याचे संशोधन चालू आहे, परंतु उष्णतेने कण वाढतात हे स्पष्ट आहे, आणि ते टाळणे हाताशी असेल तर वाट पाहत बसण्याचे कारण मला दिसत नाही.

तोडगा असा निघाला. सकाळच्या कुकरमधला गरम वरणभात किंवा मुगाची मऊ खिचडी स्टीलच्या छोट्या थर्मास डब्यात भरायची. डबा आधी उकळत्या पाण्याने पाच मिनिटे भरून ठेवायचा, ते ओतून लगेच वाफाळते अन्न काठोकाठ भरायचे. शिजलेले अन्न ६० अंशांच्या वर राहिले तर त्यात जंतू वाढत नाहीत, आणि अर्धवट भरलेला डबा मात्र लवकर निवतो, म्हणून जागा उरेल एवढा मोठा डबा घ्यायचा नाही. हे खाणे साडेअकरापर्यंत संपवायचे आणि वाटीत उरलेले उष्टे टाकून द्यायचे, परत डब्यात घालायचे नाही. दुपारच्या खाण्याला शिजवलेले काही द्यायचेच नाही: केळे, पिकलेला चिकू, पपई, हंगामात आंबा, यातले एक फळ अख्खे पाठवायचे आणि पाळणाघरातल्या काकूंनी ते वाटीत चमच्याने कुस्करून भरवायचे. केळे आपल्या सालीतच येते, त्याला ना फ्रीज लागतो ना डबा. पाऊचची जागा प्रत्यक्षात घेतली ती या एका गोष्टीने, आणि साल ओल्या कचऱ्यात गेली.

काकूंना सुरुवातीला ही जास्तीची दगदग वाटली. आईने त्यांना रोज तीन-चार मिनिटे अधिक लागतील हे आधीच सांगितले, आणि महिन्याच्या शुल्कात थोडी वाढ स्वतःहून देऊ केली. मला हे मनापासून पटले. प्लॅस्टिक वाचवण्यासाठी लागणारे श्रम दुसऱ्या बाईच्या गळ्यात फुकट घालायचे नाहीत, ही जाणीव जिथे नसते तिथे असले उपाय फार काळ चालत नाहीत.

भांडी, भेटी आणि पुसणी

मुलीचे उष्टावण सहा महिने पूर्ण होऊन सातवा लागल्यावर झाले होते. मुलींचे उष्टावण विषम महिन्यात, पाचव्या किंवा सातव्यात करण्याची रीत आहे, आणि आजींना पाचवा हवा होता. सातवा धरल्याने रीतही राहिली आणि डॉक्टरांचे म्हणणेही. मामाने रिवाजाप्रमाणे चांदीची वाटी आणि चमचा दिला. त्याखेरीज भेटीदाखल जे आले त्यात प्लॅस्टिकचे दोन संच, चिकटून बसणारी सिलिकॉनची ताटली आणि 'बांबूची' म्हणून आलेली सुबक रंगीत भांडी होती.

बांबूच्या भांड्यांविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण पर्यावरणाच्या काळजीनेच लोक ती घेतात. बांबूची पूड मेलामाइन या कडक प्लॅस्टिकच्या राळेत मिसळून साच्यात दाबलेली असेल तर ते भांडे लाकडी नसून मेलामाइनचे असते, कुजत नाही, आणि गरम अन्न घातल्यावर त्यातून मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड झिरपू शकते. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने २०२० मध्ये यासाठीच इशारा दिला आणि युरोपीय संघात अशी भांडी विकण्याविरुद्ध मोहीम निघाली. या घरात ती भांडी खेळण्यातल्या भातुकलीत गेली. सिलिकॉनची ताटली ठेवली, कारण ती आधीच घरात आली होती आणि चांगली टिकणारी होती. आलेली वस्तू टाकून देऊन नवी 'निसर्गस्नेही' वस्तू आणणे हा कचरा कमी करण्याचा मार्ग नव्हे, यावर मी ठाम राहिले. आईच्या मोबाइलवर निवडून ठेवलेला लाकडी भांड्यांचा महागडा संच त्यामुळे मागवायचा राहिला.

रोजच्या वापराला घरातल्याच स्टीलच्या दोन छोट्या वाट्या आणि उथळ, गुळगुळीत कडेचा चमचा पुरला. पाणी बाटलीऐवजी छोट्या पेल्याने द्यायला सुरुवात केली. पहिले काही दिवस अंगावर सांडले, मग जमले. आईचे काढून ठेवलेले दूध पाळणाघरात बाटलीने दिले जात होते, तेही वाटी-चमच्याने द्यावे असे मी सांगितले, परंतु तिथे ते जमले नाही आणि बाटली राहिली. फक्त दूध बाटलीत तापवणे थांबले. ओल्या रुमालांची जागा आजींच्या जुन्या मऊ सुती लुगड्याच्या तुकड्यांनी घेतली. चौकोनी कापून, कडा दुमडून घेतलेले हे तुकडे आणि चार-पाच सुती लाळेरी रोज बाळाच्या झबल्यांसोबत धुतली जातात. बाहेर जाताना दोन तुकडे ओले करून छोट्या डब्यात घ्यायचे, परत आल्यावर धुवायचे.

जे पाकीट आम्ही ठेवले

सगळे तयार अन्न बंद करावे अशी आईची इच्छा होती. मी तिला थांबवले, आणि या प्रकरणातला हा निर्णय माझ्या दृष्टीने सर्वांत जबाबदारीचा होता. पूर्ण दिवसांच्या बाळाजवळ जन्मतः असलेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह थोडे असते, म्हणून वरच्या अन्नातून ते मिळावेच लागते. तयार तृणधान्याच्या पिठात लोह वरून घातलेले असते. हे कुटुंब अंडे खाते पण मांस-मासे खात नाही. अशा घरात तयार पीठ एकदम बंद करून नुसता वरणभात आणि फळे यांवर बाळ ठेवले तर कचरा कमी होईल आणि रक्तही कमी होईल.

म्हणून पीठ चालू राहिले, पण मोठे पाकीट घेऊन, दिवसातून एकदाच, आणि तेही बालरोगतज्ज्ञांना विचारून. आठवड्यातून तीन-चार वेळा पूर्ण शिजलेले अंडे, डाळीवर पालक किंवा राजगिऱ्याची पाने, आणि लोह शोषले जावे म्हणून वाट्यावर लिंबाचे चार थेंब, अशी जोड दिली. 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोह-फॉलिक ॲसिडच्या औषधाचा एक मिलिलीटरचा डोस सरकारी आरोग्य केंद्रातून मिळतो. या घराला ते ठाऊक नव्हते. तपासणीनंतर डॉक्टरांनी ते सुरू केले. त्याची बाटली प्लॅस्टिकचीच असते, आणि ती घरात येण्याबद्दल कुणीही हळहळण्याचे कारण नाही.

अकराव्या महिन्यातली स्थिती

मुलगी अकरा महिन्यांची असताना पुन्हा आठवडाभराचा सुका कचरा पाहिला. फळांचे पाऊच त्यात नव्हते. ओले रुमाल प्रवासापुरते, म्हणजे त्या आठवड्यात मुळीच नव्हते. पिठाची एक रुपेरी पिशवी आणि खोके, आणि आत्याने आणलेल्या खाऊचे एक पाकीट, एवढेच निघाले. खोक्याचा पुठ्ठा ताईंनी घेतला, पिशवी घेतली ती नाइलाजाने. मुलगी घरच्यांबरोबर ताटाशी बसून पोळीचा तुकडा वरणात बुडवून खात होती आणि तिचे वजन तिच्या वाढीच्या आलेखावर नीट चढत होते.

खर्चही उतरला, कारण रोज एक पाऊच धरला तर महिन्याला तीस होतात, आणि त्या पैशांत थर्मास डबा, पाळणाघराची वाढीव रक्कम आणि महिन्याची फळे हे सगळे बसले. वेळेचे गणित मात्र सरळ नाही. आईचे सकाळचे काम वाढले नाही, परंतु आजींचे वाढले. पुरणयंत्र फिरवणे, नाचणी निवडणे, कपडे वेगळे धुणे हे बहुतांश त्यांनी केले, गुडघे दुखत असताना केले, आणि आनंदाने केले हे खरे असले तरी ते श्रम होते. नवव्या महिन्यापासून रविवारी नाचणी निवडून भाजण्याचे आणि रोज रात्री लाळेरी धुण्याचे काम वडिलांनी आपल्याकडे घेतले. आजी नसलेल्या, आणि सकाळी आठच्या आत दोघांनाही बाहेर पडावे लागणाऱ्या घरात यातला कुकरचा तिसरा डबा आणि दुपारचे फळ एवढेच टिकेल असा माझा अंदाज आहे. पाऊचपुरते तेवढे पुरेल. नाचणी सत्व त्यांनी महिला बचत गटाकडून डबा नेऊन सुटे घ्यावे.

दोन गोष्टी सुटलेल्या नाहीत. गावी जाताना एसटीच्या सहा-सात तासांच्या प्रवासात थर्मासमधले अन्न तितका वेळ सुरक्षित गरम राहत नाही, त्यामुळे तेव्हा केळी आणि राजगिऱ्याचे पीठ, गरम पाण्यात कालवून, यांवर भागवले जाते आणि कधीकधी पाऊच घेतलाही जातो. दुसरे म्हणजे पाळणाघरातल्या इतर मुलांचे अन्न अजूनही प्लॅस्टिकच्या वाटीतच तापते. त्याविषयी आईने पालकांच्या बैठकीत बोलायचे ठरवले आहे, आणि प्रत्येक मुलामागे एक स्टीलचा थर्मास डबा अशी मागणी ठेवण्यापूर्वी ज्या घरांना तो परवडणार नाही त्यांच्यासाठी काय करायचे, याचा विचार ती काकूंसोबत करते आहे.